काळी एकला घाबरू नका

गाणाऱ्याला गिटारची सोय ठाऊक नसते आणि ती त्याला ठाऊक असावी अशी अपेक्षाही धरू नका. तो एवढंच म्हणतो, "काळी एक घेऊ." हार्मोनियमवाला मान डोलावतो, तबलजी पिशवीतून काळी एकचा तबला काढतो आणि गिटार घेऊन बसलेला मुलगा कॅपो शोधायला लागतो. उभं आयुष्य गायकांच्या साथीला बसण्यात गेलं, त्यात हे मी फार वेळा पाहिलं आहे. म्हणून शिकायला आलेल्या पोरांना मी पहिली गोष्ट हीच सांगतो, की तुमची पुस्तकं ज्या पट्ट्यांना आडवाटेच्या म्हणून शेवटच्या पानांवर टाकतात, त्याच आपल्याकडे रोजच्या आहेत. त्यांचा रियाज करायचा की नाही, हा प्रश्न स्वतःपुरतं वाजवणाऱ्याला पडला तर समजू शकतं. साथ करायची असेल तर रियाज करायचाच. पण कसा आणि किती, हे आधी नीट समजून घ्या. मेहनती मुलांचे महिनेच्या महिने वाया जाताना मी पाहिले ते इथेच.

आधी नावांचा हिशेब पक्का करा. पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प, पांढरी दोन डी, काळी दोन डी शार्प, पांढरी तीन ई, पांढरी चार एफ. पुढे काळी तीन म्हणजे एफ शार्प, पांढरी पाच जी, काळी चार जी शार्प, पांढरी सहा ए, काळी पाच ए शार्प आणि पांढरी सात बी. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. पुरुषांचे गळे बहुधा काळी एक-पांढरी दोनच्या आसपास लागतात, बायकांचे काळी चार-काळी पाचच्या आसपास. सुगम संगीतात गाण्याच्या चालीप्रमाणे पट्टी वरखाली होते, पण काळ्या पट्ट्या टळत नाहीत. शिवाय ज्या दिवशी पांढरी दोनचं गाणं ठरलेलं असतं, नेमका त्याच दिवशी गायकाचा घसा बसतो आणि पडदा उघडायच्या आधी निरोप येतो, "आज अर्धा सूर खाली." म्हणजे पुन्हा काळी एक.

आता गिटारला ही काळी एक इतकी जड का जाते ते पाहा. गिटारच्या मोकळ्या तारा ई, ए, डी, जी, बी आणि परत ई. पांढरी एक, पांढरी दोन आणि पांढरी पाच या तिन्ही पट्ट्यांच्या मेजर स्केलमध्ये या सगळ्या तारा बसतात. हात चुकून लागला तरी सूर गाण्यातलाच निघतो. म्हणून नवशिक्याला या पट्ट्या मायेच्या वाटतात. काळी एकच्या मेजर स्केलमध्ये मात्र मोकळ्या तारांपैकी एकही बसत नाही. काळी चारमध्ये फक्त जी बसते, काळी तीनमध्ये फक्त बी, काळी दोनमध्ये डी आणि जी, काळी पाचमध्ये ए, डी आणि जी. एकदा हातात गिटार घेऊन हे स्वतः पडताळून पाहा. मग कळेल, की तुमची बोटं कमी पडत नाहीत. वाद्याच्या घडणीतच ही अडचण आहे, आणि घडणीतली अडचण समजली की तिच्यावर इलाज करता येतो.

मोकळ्या तारा बसत नाहीत याचा दुसरा अर्थ असा की त्या गप्प ठेवाव्या लागतात. तुम्ही चौथ्या फ्रेटवर कॉर्ड धरली आहे, शेजारची मोकळी तार नुसत्या थरथरीने गुणगुणते आहे आणि गायकाच्या कानाशी तानपुरा काळी एकचा षड्ज-पंचम देतो आहे. ती गुणगुण त्याला टोचते. काय टोचतंय ते त्याला सांगता येत नाही, पण गाणं मोकळं होत नाही. म्हणून काळ्या पट्ट्यांचा पहिला रियाज उजव्या हाताचा आहे. तळहाताची कड ब्रिजपाशी टेकवून तारा दाबायला शिका आणि कॉर्ड सोडताना डाव्या हाताची बोटं तारांवरून पूर्ण न उचलता नुसती सैल करायला शिका. कुठलंही पुस्तक स्केलच्या आधी हे सांगत नाही. मी सांगतो.

आता स्केलकडे येऊ. पेटीवर किंवा कीबोर्डवर पट्टी बदलली की बोटांची सगळी मांडणी बदलते, म्हणून त्या लोकांना बाराही पट्ट्या वेगवेगळ्या घोटाव्या लागतात. गिटारचं तसं नाही. मोकळी तार न वापरता सी मेजर वाजवलीत आणि तोच साचा एक फ्रेट पुढे सरकवलात की सी शार्प मेजर झाली. बोटं तीच, क्रम तोच. त्यामुळे साचा सरकवत बारा पट्ट्यांचे आरोह-अवरोह रोज तासभर वाजवणारा मुलगा खरं तर एकच गोष्ट बारा वेळा वाजवत असतो. हाताला व्यायाम होतो, डोक्यात काहीच जात नाही. अशा रियाजावर माझा विश्वास नाही.

त्याऐवजी हात हलवायचाच नाही असं ठरवा. पाचव्या ते आठव्या फ्रेटच्या मधे बसा. तिथेच पांढरी एक वाजवा, तिथेच काळी एक, तिथेच पांढरी दोन. अशा बाराही पट्ट्या त्या चार फ्रेटांत शोधा. कधी चौथ्यापर्यंत, कधी नवव्यापर्यंत बोट ताणावं लागेल, तेवढी मुभा आहे. आता प्रत्येक पट्टीला बोटांची मांडणी खरोखर बदलेल आणि कुठला सूर कुठे राहतो ते तुम्हाला कळायला लागेल. वाजवताना सुराचं नाव मोठ्याने म्हणा. मनात म्हटलेलं नाव हात विसरतो. हा रियाज सावकाश करा, रोज दोन पट्ट्या पुरेत, पण त्या दोन पट्ट्यांत एकही सूर अंदाजाने लागता कामा नये.

स्केलपेक्षाही मी गाण्याला जास्त मान देतो. तुम्हाला तोंडपाठ असलेलं, ध्रुवपद आणि अंतरा दोन्ही सोपे असलेलं एक गाणं निवडा आणि ते काळी एकमध्ये न्या. मोठमोठ्या कॉर्डच्या मागे लागू नका. काळी एकच्या तीन मुख्य कॉर्ड सी शार्प, एफ शार्प आणि जी शार्प. एफ शार्प दुसऱ्या फ्रेटवर ई च्या साच्यात, जी शार्प चौथ्या फ्रेटवर त्याच साच्यात आणि सी शार्पही चौथ्याच फ्रेटवर, ए च्या साच्यात. म्हणजे ज्या पट्टीचा एवढा धाक, तिच्या तिन्ही कॉर्ड दुसऱ्या आणि चौथ्या फ्रेटच्या बारमध्ये आवरतात. ए शार्प मायनर लागली तर सहाव्या फ्रेटवर आहे, डी शार्प मायनरही तिथेच शेजारी. काळी चारचंही असंच. जी शार्प आणि सी शार्प दोन्ही चौथ्या फ्रेटवर, डी शार्प सहाव्यावर. कागदावर मांडून पाहिलंत की अर्धी भीती तिथेच जाते.

बार कॉर्डनं हात दुखतो अशी तक्रार प्रत्येक जण करतो, आणि ती खरी असते. पहिलं बोट सपाट न टेकवता किंचित कडेवर टेकवा, फ्रेटच्या तारेला लागून ठेवा आणि अंगठ्याने मान आवळू नका. जोर दंडाच्या वजनातून येऊ द्या. चौथ्या-सहाव्या फ्रेटवर बार नीट लागतो आणि पहिल्या फ्रेटवर लागत नाही, असं असेल तर दोष बोटाचा नसण्याची शक्यता मोठी आहे. नट उंच राहिला असेल. वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडे जाऊन नटच्या खाचा तपासून घ्या. उंच नटवर पहिल्या फ्रेटची एफ आणि ए शार्प धरायला लावून मुलांना रडवणारे शिक्षक मला अजिबात पटत नाहीत.

आणि सहाही तारा वाजवल्याच पाहिजेत असं कुणी सांगितलं? पेटी आहे, कीबोर्ड आहे, बेस आहे. तुम्ही मधल्या तीन तारांवर राहा. डी, जी आणि बी या तीन तारांवर सहाव्या फ्रेटला एक बोट आडवं टेकवा. सी शार्प मेजर मिळाली. आता जी तारेवरचा सहावा फ्रेट तसाच धरून डी तारेवर आठवा आणि बी तारेवर सातवा दाबा. एफ शार्प झाली. डी तारेवर सहावा, जी वर पाचवा, बी वर चौथा घेतलात तर जी शार्प. तीन बोटं, तीन तारा, चौथ्या ते आठव्या फ्रेटच्या आत सगळं गाणं. मोकळी तार नाही, गोंगाट नाही, गायकाच्या सुराला धक्का नाही. भावगीताच्या साथीत अशा छोट्या कॉर्ड मला भरगच्च कॉर्डपेक्षा केव्हाही आवडतात. शब्दांना जागा मिळते.

काळी एकचंच, पण कोमल गंधाराचं गाणं आलं तर मात्र खुश व्हा. आसावरी थाटातलं, म्हणजे नॅचरल मायनरमधलं गाणं काळी एकमध्ये आलं की ई, ए आणि बी या मोकळ्या तारा सुरात बसतात. ई मेजर आणि ए मेजर या जुन्या ओळखीच्या कॉर्ड सापडतात. पट्टीचं नाव ऐकूनच तोंड पाडू नका, आधी गाण्याचा गंधार आणि धैवत विचारा.

कॅपोबद्दल दोन टोकाची माणसं भेटतात. एक म्हणतात कॅपो म्हणजे कच्चेपणा, दुसरे म्हणतात कॅपो असताना बाकी कशाची गरज काय. मी दोघांचंही ऐकत नाही. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून सी च्या साच्यात वाजवलं तर काळी एक, डी च्या साच्यात काळी दोन, जी च्या साच्यात काळी चार, ए च्या साच्यात काळी पाच. सुटे सूर छेडत जाणाऱ्या गाण्याला मोकळ्या तारांचा तो झंकार हवाच असतो आणि बार कॉर्डमधून तो कधीच येत नाही. तिथे कॅपो लावा, त्यात कमीपणा काही नाही. दोन गिटारी असतील तर एकाने पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून सी च्या साच्यात आणि दुसऱ्याने चौथ्या फ्रेटवर लावून ए च्या साच्यात काळी एक वाजवावी. दोघांचे झंकार वेगळ्या जागी पडतात आणि साथ रुंद होते.

कॅपो कुठे फसवतो तेही ऐका. शेवटचं ध्रुवपद अर्धा सूर वर नेऊन गाणं चढवायची पद्धत आहे, तेव्हा कॅपो सरकवायला वेळ नसतो. लागोपाठ चार गाण्यांचे मुखडे जोडले असतील तर पट्टी मुखड्यागणिक बदलते. कॅपो लावला की तार ताणली जाते, मग गिटार सुरात आहे की नाही ते पुन्हा तपासावं लागतं आणि तेवढ्यात निवेदकाचं बोलणं संपलेलं असतं. आणखी एक. कॅपोवर वाढलेल्या मुलाला अंतऱ्याआधीचा तुकडा एकट्याने वाजवायला सांगितला की तो अडतो, कारण आपण वाजवतोय तो सूर खरा कुठला हे त्याला ठाऊक नसतं. तो सी म्हणतो, पेटीवाला सी शार्प म्हणतो, आणि दोघं एकमेकांकडे बघत राहतात. कॅपो लावा, पण तोंडाने खऱ्या पट्टीचं नाव घ्या.

ज्यांच्याकडे दुसरी गिटार आहे त्यांनी ती अर्धा सूर उतरवून ठेवावी. जिमी हेंड्रिक्स आणि स्टीव्ही रे वॉन हे दोघंही बऱ्याचदा अशीच उतरवलेली गिटार वाजवत. आपल्या कामाला ती फार उपयोगी पडते, कारण उतरवलेल्या गिटारीवर डी वाजवलंत की काळी एक निघते, ई वाजवलंत की काळी दोन, जी वाजवलंत की काळी तीन, ए वाजवलंत की काळी चार. पाचपैकी चार काळ्या पट्ट्या मोकळ्या तारांसकट हाताखाली येतात. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावला की तीच गिटार नेहमीच्या सुरात परत. तारा थोड्या सैल लागतात, बोटांना आराम मिळतो, आवाज जरा गडद होतो.

गाणं पट्टीतून पट्टीत नेण्याचं खरं साधन आपल्याकडे आयतं आहे, आणि गिटार शिकणारी मुलं त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत याचं मला वाईट वाटतं. आपला षड्ज कुठल्याही पट्टीवर बसतो. म्हणून गाण्याच्या कॉर्ड वहीत सी-एफ-जी अशा लिहू नका. सा, म, प अशा लिहा. सा ची कॉर्ड, मध्यमाची कॉर्ड, पंचमाची कॉर्ड, धैवताची मायनर. पट्टी बदलली तरी वहीतलं पान बदलत नाही. अमेरिकेत नॅशव्हिलच्या स्टुडिओतल्या वादकांना हीच गरज पडली होती. १९५० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या नील मॅथ्यूज या गायकाने सुरांना आकडे देऊन कॉर्ड लिहायची पद्धत सुरू केली, चार्ली मॅकॉय आणि इतर वादकांनी ती वाढवली, आणि आजही ते लोक असेच आकडे लिहून वाजवतात. तुम्हाला तर शाळेपासून सरगम येते.

लिहिलेलं नोटेशन समोर आलं तर एक खबरदारी घ्या. आपण बोलताना काळी पाचला ए शार्प म्हणतो, ते ठीक आहे. पण कागदावर ए शार्प मेजर लिहायला गेलात तर दहा शार्प लागतात, तेच बी फ्लॅट म्हणून लिहिलं तर दोन फ्लॅटमध्ये भागतं. म्हणून काळी दोन, काळी चार आणि काळी पाच या पट्ट्या कागदावर ई फ्लॅट, ए फ्लॅट आणि बी फ्लॅट म्हणून भेटतील. ट्रम्पेट आणि टेनर सॅक्सोफोन ही बी फ्लॅटची वाद्यं, आल्टो सॅक्सोफोन ई फ्लॅटचं. त्यांना फ्लॅटच्या पट्ट्या सोयीच्या पडतात, त्यामुळे जॅझमधली कितीतरी गाणी तिथेच आहेत. कोलमन हॉकिन्सने १९३९ मध्ये ध्वनिमुद्रित केलेलं 'बॉडी अँड सोल' डी फ्लॅटमध्ये आहे, म्हणजे आपली काळी एकच. स्टीव्ही वंडरचं १९७२ मधलं 'सुपरस्टिशन' ई फ्लॅट मायनरमध्ये, म्हणजे काळी दोन. मुंबईच्या चित्रपट संगीतात चिक चॉकलेटसारखे ट्रम्पेटवादक आणि सेबॅस्टियन डिसोझांसारखे संयोजक ही नोटेशन वाचणारी गोव्याची परंपरा घेऊन आले. त्यांच्या ताफ्यात बसणाऱ्या गिटारवादकाला "ही पट्टी माझ्या सोयीची नाही" म्हणायची सोय नव्हती.

शास्त्रीय गिटार शिकणाऱ्यांनीही हे मनावर घ्यावं. ते वाद्य मोकळ्या तारांमुळे ई, ए आणि डी मध्येच रमतं, तरी आंद्रेस सेगोव्हियाने १९५३ मध्ये स्केलची जी छोटी पुस्तिका काढली, तीत चोवीसही मेजर-मायनर स्केल बोटांसकट दिल्या आहेत. मारिओ कास्तेलनुओव्हो-तेदेस्कोने १९६२ मध्ये दोन गिटारींसाठी चोवीसही पट्ट्यांत प्रिल्यूड आणि फ्यूग लिहिले. गिटारला एखादी पट्टी वर्ज्य आहे असं या मोठ्या लोकांनी मानलं नाही.

रियाजाला बसताना तानपुरा लावा, मोबाइलवरचा चालेल, आणि तो काळी एकवर ठेवा. त्याच्यासमोर आधी नुसते सा आणि प धरा, मग अलंकार, मग गाणं. वाजवताना गुणगुणत राहा. आठवड्याभरात कानाला ही पट्टी घरची वाटायला लागते, आणि कान तयार झाला की बोटं निमूट मागून येतात. प्रत्यक्ष कार्यक्रमात मात्र मोबाइलच्या ट्यूनरवर विसंबू नका. जुनी पेटी अनेकदा किंचित वर किंवा खाली असते आणि ती मंचावर सुरात लावता येत नाही. तुमची गिटार लावता येते. पेटीचा सूर घ्या आणि त्याला मिळवा. जुन्या ध्वनिमुद्रिकांसोबत वाजवतानाही असंच होतं. टेपच्या वेगामुळे कित्येक गाणी दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी बसली आहेत. गाणं कुठल्याच पट्टीत लागत नाही म्हणून कानाला दोष देऊ नका, गिटार त्या गाण्याला मिळवून घ्या.

किती करायचं, ते शेवटी सांगतो. पहिलं वर्षभर यातलं काही नको. सी, जी, डी, ए, ई या पट्ट्यांत हात बसू द्या, ठेका पक्का होऊ द्या. त्यानंतर आधी काळी एक घ्या, मग काळी चार, मग काळी दोन आणि काळी पाच, सगळ्यात शेवटी काळी तीन. एका पट्टीत एक गाणं न अडखळता, गाणाऱ्याबरोबर वाजवता आलं की पुढची पट्टी. रोज बाराच्या बारा पट्ट्या घोटायची गरज नाही, आणि बारा स्केल पाठ आहेत पण काळी एकमध्ये एक गाणं धड येत नाही अशा मुलाला मी साथीला बसवणार नाही. आज घरी गेलात की एखाद्या गाणाऱ्या माणसाला बोलवा. आईला बोलवा, मित्राला बोलवा. त्यांना हवं ते गाणं त्यांच्या सोयीच्या सुरात सुरू करायला सांगा, पट्टी विचारू नका, कॅपोला हात लावू नका, आणि सूर शोधून त्यांच्या मागे चला.